पावसाच्या नावावर बिल फाडणाऱ्यांना खुले पत्र

घुग्घुसमध्ये घरोघरी ब्रॉडबँड पुरवणाऱ्या आमच्या सेवा पुरवठादार मालकांना,



या पत्रात तुमचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. तुमच्यासारखे वागणारे वणीत आहेत, राजुऱ्यात आहेत, चंद्रपुरातही आहेत. ज्याला लागू पडेल त्यानं ते आपल्यालाच आलंय असं समजावं.

मृगाचा पहिला शिडकावा पडतो आणि आमच्या वॉर्डातल्या राउटरवर लाल लाइट लागतो. तुमच्या कार्यालयात फोन केला की उत्तर ठरलेलं असतं, "मौसम खराब आहे ना भाऊ." एप्रिलमध्ये विचारलं तर वावटळ आडवी येते, नवतप्यात विचारलं तर ऊन, श्रावणात झड. दिवाळीनंतर आभाळ निरभ्र असतं, तेव्हा "मागूनच लाइन बंद आहे" एवढंच सांगून फोन ठेवला जातो. बिलाच्या तारखेला मात्र ऊन, वारा, पाऊस यांतलं काहीच आडवं येत नाही. ते बाराही महिने वेळेवर येतं आणि पूर्ण महिन्याचं येतं.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आम्हाला शाळेत शिकवली होती. तुम्ही ती धंद्यात उतरवली आहे. म्हणून तुमच्या अंगणाची नीट तपासणी करायचं ठरवलं.

तुम्ही आमच्या घरापर्यंत जी तार आणली, तिच्या पोटात काच आहे. केसाएवढ्या जाड त्या काचेतून वीज वाहत नाही, प्रकाश वाहतो. काचेतल्या प्रकाशाला बाहेरच्या पावसाशी काही देणंघेणं नसतं. तार धड असेल तर किलोमीटरमागे साधारण ०.२ ते ०.३५ डेसिबल एवढीच घट होते, मग वर ऊन असो की धो धो पाऊस. जगाच्या खंडाखंडांमधला जवळजवळ सगळा इंटरनेट व्यवहार समुद्राच्या तळाशी टाकलेल्या अशाच काचेच्या तारांतून चालतो. त्यांतल्या कित्येक तारा आपल्याच मुंबईत, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येऊन लागतात. खाऱ्या पाण्यात, कित्येक किलोमीटर खोल, २५ वर्षं टिकाव्यात अशा हिशेबानं त्या बनवतात. अतिउच्चदाब विजेचे मनोरे बघा. त्यांच्या अगदी माथ्यावरून जी तार जाते, तिच्या पोटातही अनेकदा फायबर असतं. ती वर्षानुवर्षं उन्हात तापते, वीज पडली तर पहिली तिच्यावर पडते, आणि तरी काम करते.

समुद्राच्या तळाशी काच चालते, मनोऱ्याच्या टोकावर चालते, आणि आमच्या वॉर्डातल्या भुरभुर पावसात तिला काय होतं? याचं उत्तर आमच्या कोपऱ्यावरच्या खांबावर लटकलं आहे.

तिथं तुमचा काळा जॉइंट बॉक्स आहे. झाकणाच्या चार क्लिपांपैकी दोन गायब आहेत. रबराची जी पट्टी पाणी अडवते, ती उन्हानं कडक होऊन चिरली आहे. तार आत शिरते त्या भोकाला सील नाही. त्याऐवजी एक पन्नी गुंडाळून वर चिकटपट्टी मारली आहे. पन्नीत पाणी साचतं आणि तारेच्या अंगानं सरळ बॉक्समध्ये उतरतं. तार आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्यायचा असतो, म्हणजे पाणी त्या झोलावरून ठिबकून जातं. एवढी साधी गोष्टही केलेली नाही. आत घराघरांच्या तारांचे जोड आहेत, काहींच्या टोकांवर टोपणसुद्धा नाही.

आणि हे घुग्घुस आहे. सभोवती कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, लोहपोलाद, रात्रंदिवस धावणारे कोळशाचे ट्रक. सकाळी पुसलेला ओटा दुपारी काळा होतो. आता हा हिशेब बघा. तुमच्या तारेतला प्रकाश ज्या गाभ्यातून वाहतो, त्याची जाडी साधारण ९ मायक्रॉन असते. हवेतल्या ज्या धुळीला प्रदूषणाच्या अहवालात पीएम १० म्हणतात, ती १० मायक्रॉनपर्यंतची असते. म्हणजे आमच्या हवेत तरंगणारा धुळीचा एक कण तुमच्या उघड्या जोडावर नेमका बसला, तर प्रकाशाची वाट तिथेच अडते. त्यात पहिल्या पावसाचं पाणी मिसळलं की काळा राड होतो. अशा एका मळक्या जोडात पाच-दहा किलोमीटर चांगल्या तारेपेक्षा जास्त प्रकाश वाया जाऊ शकतो. तुमचा लाइनमन मीटर लावतो तेव्हा आकडा साधारण माइनस २७ च्या पलीकडे गेलेला दिसतो, आणि तिथून पुढे राउटरला प्रकाश ओळखू येत नाही. लाल लाइट लागतो तो असा. यात ढगाचा दोष कुठे आहे? धूळ इथं गेली कित्येक वर्षं आहे, पाऊस तर त्याच्याही आधीपासून आहे. या गावात धंदा करायचा तर दोन्ही धरूनच जोड बांधायला हवा होता.

तुमची सबब आली कुठून, तेही सांगतो. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर. तेव्हा पाऊस हे खरं कारण होतं. जमिनीखालच्या केबलच्या जोडात पाणी शिरलं की दोन तारांमधलं आवरण कमजोर पडायचं, फोनवर खरखर यायची, मोडेम दर थोड्या वेळानं तुटून पुन्हा जोडला जायचा. लोकांच्या मनात पाऊस आणि बंद पडलेलं नेट यांची गाठ तेव्हाच बसली. तुम्ही तांबं काढून काच आणलीत, जाहिरातीत त्या काचेचा वेग मोठ्या अक्षरांत छापलात, दरही तसेच लावलेत. सबब मात्र तांब्याच्या काळातली जशीच्या तशी ठेवलीत. काचेचे पैसे घेता तर उत्तरही काचेचं द्या.

उन्हाचंही ऐका, कारण इथं हवामानाचा खरा मार उन्हाचाच आहे आणि तो नेमका कुठे बसतो ते तुम्ही कधी सांगत नाही. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. सावलीत एवढं, तर उन्हात उभ्या असलेल्या तुमच्या लोखंडी कपाटाच्या आत काय होत असेल? त्या कपाटात बॅटऱ्या आहेत. शिसं-आम्लाच्या बॅटरीचा साधा नियम असा, की २५ अंशांच्या वर तापमान दर दहा अंशांनी चढलं की तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणजे पुण्याच्या हवेत जी बॅटरी चार-पाच वर्षं टिकेल, ती चंद्रपूरच्या दोन-तीन उन्हाळ्यांत संपते. मग जूनमध्ये वादळ येतं, महावितरणची लाइन जाते, तुमच्या कपाटातली मेलेली बॅटरी दहा मिनिटंही तग धरत नाही आणि वॉर्ड अंधारात जातो. आमच्या घरी इन्व्हर्टर आहे, राउटर चालू आहे, पण समोरून काही येत नाही. तुम्ही सांगता, वादळानं नेट गेलं. बॅटरी मे महिन्यातच मेली होती, वादळात फक्त ते उघडं पडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं यालाच म्हणतात.

विजेचंही तसंच. काचेतून वीज जात नाही हे खरं, पण खांबावरून घराकडे येणाऱ्या तुमच्या तारेला आधार म्हणून पोलादी सळई असते. तिला कुठेही अर्थिंग दिलेलं नाही. वीज जवळपास कोसळली की तिचा झटका त्या सळईतून आणि घरातल्या प्लगमधून आत येतो. पावसाळ्यात राउटर जळतात ते यामुळे. जळालेल्या राउटरचे पैसे तुम्ही ग्राहकाकडून वसूल करता. विदर्भात विजा पडतात ही काही बातमी नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं त्यासाठीच दामिनी अॅप काढलं आहे. वीज कुठे पडू शकते ते आमच्या शेतातल्या मजुराला मोबाइलवर आधी कळतं. ज्यांचा धंदाच तारांचा, त्यांना अर्थिंग सुचत नाही.

आता तुमच्या बाजूनं जे खरं आहे, तेही लिहितो. आसपासच्या काही खेड्यांना तुम्ही तार न टाकता टॉवरवरून डिश लावून नेट देता. १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी जोरदार पावसात खरोखर विरतात. लहर जितकी आखूड, तितका पावसाच्या थेंबाचा अडथळा जास्त. पावसात डिश टीव्हीचं चित्र जातं ते याच कारणानं. पण खेड्यांत घरांवर बसवलेल्या साध्या डिश बहुतेक ५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. तिथं पावसाचा थेट परिणाम नाममात्र असतो. तिथं आडवी येते ती जूननंतर पालवलेली, ओली झाडं आणि वाऱ्यानं फिरलेली डिश. दोन्हींचा इलाज शिडी, पाना आणि एका माणसाची एक दुपार एवढाच आहे.

खरी आपत्ती कशी असते, ते या भागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संपर्क तुटतो. तिथं मैलोगणती जंगलातून तार नेणाऱ्यानं पावसाचं कारण दिलं तर आम्ही मान तुकवू. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांसाठी महाराष्ट्र सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं. ती सेवा आली की तिलाही मुसळधार पावसाचा त्रास होईल, आणि तो खरा असेल. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात पुरानं गावंच्या गावं वेढली, तेव्हा नेट का नाही असं कुणी विचारलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गडप झालं. खाली जुनी कोळसा खाण होती. असं गाव पाहिलेल्या माणसांना तुम्ही रिमझिम पाऊस ही आपत्ती म्हणून सांगता. घुग्घुस चंद्रपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. पक्का रस्ता आहे, रेल्वे आहे, ग्रामपंचायतीची आता नगर परिषद झाली आहे. भामरागडची सबब इथं चालणार नाही.

तुम्हाला वाटत असेल, दोन-चार दिवस नेट नसलं तर बिघडतं काय, पोरांचे व्हिडिओच तर बंद होतात. बिघडतं ते सांगतो. खेड्याच्या माणसाची सगळी कागदपत्रांची कामं नेमकी पावसाळ्यात येतात. खरीप पीक विम्याची मुदत साधारण ३१ जुलैला संपते. ई-पीक पाहणी १ ऑगस्टपासून सुरू होते. अकरावीचा ऑनलाइन प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाला, त्याच्या फेऱ्या जून-जुलैमध्ये. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्याच दिवसांत. आमच्या गल्लीतल्या सेवा केंद्राच्या पायरीवर जुलैच्या अखेरीस बाया-माणसं सातबारा पन्नीत गुंडाळून बसलेली असतात. रोवणी सोडून आलेली असतात, एका दिवसाची मजुरी बुडवून आलेली असतात. केंद्र चालवणारी ताई राउटर बंद करते, पुन्हा चालू करते, लाल लाइटकडे बघते आणि "उद्या या" म्हणते. पीक गेलं आणि विमा नसला तर त्या घराला पुढचं वर्ष कर्जात काढावं लागतं. तुमच्या दोन क्लिपांची किंमत तिथं जाऊन चुकती होते.

तुमच्या लाइनमनबद्दल एक शब्दही वाईट लिहिणार नाही. तो भर पावसात, ओल्या खांबाला शिडी लावून, वर वीज चमकत असताना चढतो. त्याच्याकडे धड हातमोजे नसतात, अनेकदा मीटरही दुसऱ्याकडून मागून आणलेला असतो. जे काम मे महिन्यात कोरड्या खांबावर निवांत झालं असतं, ते तुम्ही त्याच्याकडून जुलैत जीव धोक्यात घालून करवून घेता. तहान लागल्यावर विहीर खोदायची आणि खोदायला दुसऱ्याला उतरवायचं, हा तुमचा कारभार आहे. ग्राहकाच्या शिव्याही तोच खातो. या पत्राचा रोख तुमच्यावर आहे, त्याच्यावर नाही.

या गावात ज्याचं घर कवेलूचं आहे, तो माणूस रोहिणी लागायच्या आत छतावर चढतो, फुटके कवेलू काढतो, नवे बसवतो, वळचण नीट करतो. त्याला कुणी नोटीस देत नाही, दंडाची भीती नसते. पाऊस येणार हे त्याला ठाऊक असतं, एवढंच. तुमच्या हाताशी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे यलो, ऑरेंज, रेड अलर्ट आहेत, अभियंते आहेत, महिन्याला हजारो घरांचं भाडं आहे. तरी जून दरवर्षी तुम्हाला अचानक गाठतो.

कायद्याचंही तुम्हाला माहीत असेलच, पण ग्राहकांनाही ते माहीत आहे हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितो. दूरसंचार नियामक प्राधिकरण म्हणजे ट्राय. सेवेच्या गुणवत्तेचे त्याचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. तारेवरच्या सेवेतला बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर ग्राहकाला त्याची भरपाई द्यावी लागते. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक द्यावा लागतो, आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. फोनवर "हो, बघतो" म्हणून ठेवून दिलेली तक्रार ही तक्रारच नसते, हे तुम्हाला चांगलं कळतं. म्हणूनच तुम्ही क्रमांक देत नाही. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. जिल्हा ग्राहक आयोग चंद्रपुरातच आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत.

एक, दरवर्षी १५ मेच्या आत प्रत्येक जॉइंट बॉक्स उघडून साफ करा, रबर बदला, तारांची भोकं सील करा. पन्नी आणि चिकटपट्टी पुन्हा दिसू नये.

दोन, मे संपायच्या आत कपाटातल्या प्रत्येक बॅटरीची भार लावून चाचणी घ्या. मेलेली त्याच आठवड्यात बदला.

तीन, आधाराच्या पोलादी सळईला अर्थिंग द्या. ते नसताना राउटर जळाला तर त्याचे पैसे ग्राहकाकडून मागू नका.

चार, रस्त्यावर लोंबणाऱ्या तारा ट्रकच्या उंचीच्या वर घ्या आणि गावात येणाऱ्या मुख्य तारेला दुसऱ्या बाजूनं पर्यायी मार्ग द्या. एक तार तुटली म्हणून अख्खं गाव बंद पडू नये.

पाच, प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्या आणि बिघाडाचं खरं कारण लिहून कळवा. कोणता बॉक्स, कोणता जोड, मीटरचा आकडा किती.

सहा, नियमात बसणारी भरपाई ग्राहकानं मागायची वाट न पाहता बिलातून वजा करा.

यातल्या एकाही कामाला विमानानं काही आणावं लागत नाही. रबराची पट्टी, सील, बॅटरी, तांब्याची तार आणि मे महिन्यातले पंधरा दिवस पुरे होतात.

आता घुग्घुसच्या आणि आजूबाजूच्या गावांतल्या ग्राहकांना दोन शब्द. वीज कडाडायला लागली की राउटरचा प्लग आणि त्याला जोडलेली केबल काढून ठेवा. नेट गेलं की फोनवर नुसतं ऐकून घेऊ नका, डॉकेट क्रमांक मागा आणि तारीख-वेळेसह वहीत लिहा. लाइनमन आला की मीटरचा आकडा त्याला विचारा, तो प्रामाणिकपणे सांगतो. तुमच्या कोपऱ्यावरच्या उघड्या बॉक्सचा फोटो काढून ठेवा. तीन दिवस उलटले की भरपाई लेखी मागा. दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा, आणि तरी ऐकलं नाही तर वॉर्डातल्या सगळ्यांनी मिळून चंद्रपूरच्या ग्राहक आयोगात अर्ज द्या. एकट्याचा फोन टाळता येतो, पन्नास घरांच्या सह्या टाळता येत नाहीत.

आणि मालक, तुम्हाला शेवटचं. पुढच्या वर्षीही पाऊस जूनमध्येच येणार आहे. तुमच्याकडे मे महिना आहे. बॉक्स बंद करा, नाहीतर बिल बंद करा.

घुग्घुसचा एक ग्राहक